भाऊसाहेब गेले, हे कुणी ठरवलं?

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी सोडते, मग मानवत रोड, सेलू, परतूर अशी स्टेशनं एकेक करून मागं पडतात. परतूर येईपर्यंत डब्यातल्या लोकांनी शिदोऱ्या सोडलेल्या असतात. खिडकीबाहेर बघण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. पहिली नोकरी नोएडाला लागली तेव्हा मी याच गाडीनं जायचो आणि मीही कधी बाहेर बघितलं नाही.

बघायला हवं होतं. मार्च १७६० मध्ये नानासाहेब पेशव्यांची छावणी याच परतूरला होती. जुन्या कागदांत गावाचं नाव पटदूर असं येतं. महिनाभरापूर्वी उदगीरला निजामाला नमवलेलं होतं, फौज खुशीत होती, आणि उत्तरेत दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी येऊन थडकली. अब्दालीवर कुणाला पाठवायचं याचा खल इथं झाला. सदाशिवरावभाऊंचं नाव ठरलं, सोबत पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. फौज इथूनच निघाली. बुऱ्हाणपूर, ग्वाल्हेर, धोलपूर, दिल्ली, पानिपत. सचखंडही साधारण त्याच क्रमानं जाते. गाडीला दीड दिवस लागतो, त्यांना साडेसात महिने लागले.

१९८१ साली जालना जिल्हा झाला, तोपर्यंत परतूर परभणी जिल्ह्यात होतं. आमच्या घरातल्या जुन्या खरेदीखतांवर अजून 'ता. परतूर, जि. परभणी' असं आहे. म्हणजे पानिपतची फौज आमच्या जिल्ह्यातून निघाली, असं म्हणायला मला पुरेसा कागदोपत्री आधार आहे.

लढाईबद्दल मी लिहिणार नाही. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मुळं ती आपल्यापैकी निम्म्या लोकांना पाठ आहे. मला लिहायचंय ते लढाईनंतरच्या दोन-तीन दिवसांबद्दल, आणि एका प्रेताबद्दल.

अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूनं होता. त्याच्या पदरी काशीराज शिवदेव नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण कारकुनी करत होता. आपली माणसं समोरच्या बाजूला मरताहेत आणि आपण या बाजूला, अशी त्याची गत. त्यानं पुढं या सगळ्याची हकीकत फारसीत लिहिली. जेम्स ब्राऊन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १७९१ मध्ये तिचं भाषांतर केलं. पानिपतवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला काशीराजाच्या दारातून जावंच लागतं.

विश्वासरावाचं प्रेत लवकर मिळालं. जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा, गोळी लागून गेलेला. चेहरा शाबूत होता, त्यामुळं ओळख पटवण्याचा प्रश्नच आला नाही. दुराणी शिपायांना ते प्रेत वाळवून, पेंढा भरून काबूलला न्यायचं होतं. शुजानं मध्यस्थी केली आणि त्याला अग्नी मिळाला.

भाऊंचं तसं झालं नाही. रणभूमीवर प्रेतांचे ढीग होते. त्यांत शोधाशोध करताना एक धड सापडलं. शिर नव्हतं. त्याच्याजवळ काही किमती मोती मिळाले, म्हणून कुणीतरी मोठा माणूस असावा इतकं कळलं. पाणी ओतून ते धुतलं. शुजाच्या छावणीत मराठ्यांना ओळखणारे पंडित, वकील होते, त्यांना बोलावलं. ते रडले आणि म्हणाले, हे भाऊच.

कशावरून? इथं काशीराज जे करतो त्यानं मी पहिल्यांदा वाचताना फोन खाली ठेवला होता. तो खुणांची यादी देतो. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर कट्यारीच्या वाराचा व्रण. १७५९ च्या ऑक्टोबरात पुण्यात मुजफ्फरखान गारद्याच्या चिथावणीनं भाऊंवर हल्ला झाला होता, त्याचा. तळपायावर पद्म-मत्स्याच्या शुभ रेषा. वय अंदाजे पस्तीस, बांधा मजबूत. आणि भाऊ रोज बाराशे नमस्कार घालत, त्याचे गुडघ्यांवर आणि हातांवर पडलेले घट्टे.

हा पंचनामा आहे. १७६१ सालचा.

आज असं शिर नसलेलं, ओळख न पटणारं शव किंवा नुसती हाडं सापडली, तर ती न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञाकडं जातात, म्हणजे फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजिस्टकडं. आपल्याकडं हे काम बहुतेक वेळा मेडिकल कॉलेजच्या न्यायवैद्यक किंवा शरीररचना विभागातले डॉक्टरच करतात. टीव्हीवर दाखवतात तसं हाड बघितलं आणि नाव सांगितलं, असं त्यात काही नसतं. आधी विचारायचं, हाड माणसाचं आहे का? (गावाकडच्या निम्म्या 'सांगाड्यां'चा निकाल इथंच लागतो, ती गुरांची हाडं निघतात.) मग किती माणसांची, बाईची की पुरुषाची, वय काय, उंची काय. कमरेचं हाड रुंद की अरुंद यावरून बाई-पुरुष कळतं. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढतात. इथपर्यंत फक्त एक सर्वसाधारण माणूस तयार होतो: पुरुष, तीस ते चाळीस, साडेपाच फुटांच्या आसपास. असे लाखो असतात. त्यातला हा कोण, हे ठरवायला जिवंतपणीची माहिती लागते. दाताचा एक्स-रे, मोडून जुळलेला हात, फोटो, नातेवाइकांचं रक्त. हाडांची गोष्ट आणि घरच्यांची गोष्ट एकमेकींवर ठेवून बघायची. जुळली तर नाव.

या नजरेनं काशीराजाची यादी परत वाचली की मजा येते. यादी उत्तम आहे, पण जवळपास सगळी कातडीवरची आहे. डाग, रेषा, घट्टे, व्रण. अजून महिनाभर ते प्रेत तसंच पडलं असतं तर यातलं काही उरलं नसतं. पाठीतला वार बरगडीला किंवा मणक्याला लागला असेल तर त्याची खूण हाडावर राहिली असती, आणि पंधरा महिन्यांत ते हाड भरून आलेलं दिसलं असतं. नमस्कारांचं काय? थेया मोल्सन नावाच्या इंग्रज संशोधिकेनं सीरियातल्या अबू हुरेरा इथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या बायकांच्या पायांची हाडं तपासली. तिला अंगठ्यांच्या सांध्यांवर झिजेच्या खुणा दिसल्या. त्या बायका आयुष्यभर गुडघ्यांवर बसून, पायाची बोटं मागं मुडपून, धान्य दळत होत्या. तेव्हा रोज बाराशे नमस्कार घालणाऱ्याचे सांधे काहीतरी बोलले असते, असं मला वाटतं. नक्की काय, ते सांगता येणार नाही.

आणि वय. काशीराज पस्तीस म्हणतो. भाऊंचा जन्म १७३० चा, म्हणजे ते तिशीत होते. पाच वर्षांची चूक. पण मस्तक नसलेल्या, लढाईतून गेलेल्या, दोन दिवस थंडीत पडलेल्या देहाकडे बघून केलेला हा अंदाज आहे, त्याला मी चूक म्हणणार नाही. हाडं बघून आजचा तज्ज्ञसुद्धा 'तीस' असं म्हणत नाही, 'सत्तावीस ते पस्तीस' असं काहीतरी म्हणतो. तरुण माणसात एक हाड मात्र उपयोगी पडतं. गळ्याखाली आडवं असतं ते, हासळीचं हाड. त्याचं छातीकडचं टोक शरीरात जवळजवळ सगळ्यात शेवटी जुळतं, विशी संपता संपता. हे वाचलं तेव्हा मी आपोआप गळ्याखाली बोट लावून बघितलं. माझं बहुधा अजून जुळत असेल.

हाडांकडून त्यांना माहीत नाही ते वदवून घेऊ नये, हा या विद्येतला सगळ्यात अवघड नियम. इथं एक आडवळण घेतो. 'युगान्त'वाल्या इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठतेच्या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी इरावतीबाईंना कवट्या मोजायला दिल्या. काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या, काही युरोपी. डावी-उजवी बाजू किती असमान आहे ते मोजायचं, आणि त्याचा वंशाशी संबंध निघतो का बघायचं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की संबंध निघत नाही. समोर बसलेल्या माणसाला दुसरं उत्तर हवं होतं, तरी. पंचविशीतली मराठी मुलगी, परक्या देशात, परक्या भाषेत. मला आमच्या टीम मीटिंगमध्ये मॅनेजरचा आकडा चुकलाय हे सांगायला दोन दिवस लागतात.

परत पानिपतावर. यादी इतकी चोख असेल, तर प्रश्न मिटायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मस्तकही एका दुराणी शिपायाकडं मिळालं. अग्नी दिला गेला. तरी पुढची पंधरा-वीस वर्षं भाऊ मेले की नाही, हा पुण्यातला जिवंत प्रश्न राहिला.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. काशीराजानं ही हकीकत लिहिली १७८० मध्ये, घटनेनंतर १९ वर्षांनी. तोवर भाऊ असल्याचा दावा करणाऱ्या माणसाचं बंड होऊन गेलं होतं. म्हणून मला ती यादी जरा वेगळी वाचावीशी वाटते. डाग, व्रण, रेषा, घट्टे असं एकामागून एक मोजून सांगणं, हे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर वाटतं: तुम्ही नक्की त्यांनाच जाळलंत ना? तो खोटं लिहितोय असं मी म्हणत नाही. पण ज्याच्यावर कधीच शंका घेतली गेली नाही, असा माणूस इतके पुरावे मांडत बसत नाही. विश्वासरावाच्या बाबतीत त्यानं अशी यादी दिलेली नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच खरं तर हे सगळं वाचायला लागलो.

माझ्या आजीची थोरली बहीण, आम्ही तिला मोठी आजी म्हणायचो. १९८६ च्या दिवाळीनंतर तिचा नवरा कापूस घेऊन मानवतच्या बाजाराला गेला. कापूस विकला, पट्टी घेतली, हे अडत्यानं सांगितलं. पुढं काही नाही. माणूस घरी आलाच नाही. बारा-तेरा दिवसांनी कालव्यात एक प्रेत लागलं. फुगलेलं, चेहरा गेलेला. अंगात पांढरी बंडी आणि धोतर. आता आमच्या भागात त्या काळी प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगात पांढरी बंडी आणि धोतरच असायचं. दीर म्हणाले, दादाच आहे. भावकी म्हणाली, दादाच आहे. पोलिसांना कागद पुरा करायचा होता.

मोठी आजी म्हणाली, "मला पाय बघू द्या."

त्यांच्या उजव्या पायाची करंगळी लहानपणी कुऱ्हाडीनं गेलेली होती. पाय बघितला तर मासे-खेकड्यांनी दोन्ही पायांची बोटं खाल्लेली. करंगळी नव्हती, पण बाकीचीही धड नव्हती. ती उठली आणि म्हणाली, "हे आमचे नाहीत." त्यावर ती शेवटपर्यंत राहिली. प्रेत बेवारस म्हणून पुरलं गेलं. तिनं कुंकू पुसलं नाही. २०११ मध्ये गेली तेव्हाही कपाळावर होतं.

लहानपणी ही गोष्ट आम्हाला हट्टी म्हातारीची गोष्ट म्हणून सांगितली जायची. थोडं हसूनच. मोठा झाल्यावर, दोन-तीन वर्षांपूर्वी, हाडांबद्दल वाचताना माझ्या लक्षात आलं की तिनं बरोबर प्रश्न विचारला होता. नुसतं कपडे बघून हो म्हणणाऱ्यांपेक्षा कितीतरी बरोबर. लहानपणी तुटलेल्या बोटाचं हाड भरून येतं. टोक गोल होतं, गुळगुळीत होतं, शेंड्याला पातळ कवच धरतं. चार दिवसांपूर्वी माशांनी खाल्लेल्या बोटाचं टोक तसं नसतं, ते खरबरीत, उघडं राहतं. कोणतं नुकसान जिवंतपणीचं आणि कोणतं मेल्यानंतरचं, हे ओळखणं न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञाच्या रोजच्या कामातलं काम आहे. कुणीतरी त्या उजव्या पायाचं हाड धुऊन उजेडात धरलं असतं, तर पंधरा मिनिटांत निदान एवढं तरी कळलं असतं की हा माणूस करंगळी नसलेला होता की नव्हता. कुणी धरलं नाही. त्याच १९८६ मध्ये इंग्लंडच्या लीस्टरशायरमध्ये पोलिसांनी खुनाच्या तपासासाठी पहिल्यांदा अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्याकडं डीएनए तपासायला दिला होता. आमच्या कालव्यापर्यंत ते यायला अजून खूप वेळ होता.

पार्वतीबाई मला त्यानंतर नीट दिसायला लागल्या. भाऊंची बायको, पेणच्या कोल्हटकरांची मुलगी, स्वतः पानिपतावर होती. त्या कत्तलीतून ती वाचली, कशीबशी दक्षिणेत आली. भाऊ पडताना तिनं पाहिलं नव्हतं. प्रेत दुसऱ्यांनी पाहिलं, दुसऱ्यांनी ओळखलं, दुसऱ्यांनी जाळलं, तेही शत्रूच्या छावणीत. तिच्यापर्यंत आली ती फक्त बातमी. तिनं वैधव्य घेतलं नाही. १७८३ मध्ये वारेपर्यंत, बावीस वर्षं, ती सवाष्ण राहिली.

शाळेत हे 'पतिनिष्ठा' या सदरात शिकवतात. मला वाटतं तो हिशोब होता. आमच्या धंद्यात चेहरे जुळवणारी प्रणाली बनवताना दोन प्रकारच्या चुका मोजतात. नसलेली ओळख 'आहे' म्हणणं, आणि असलेली ओळख 'नाही' म्हणणं. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. उंबरठा कुठं ठेवायचा हे गणित सांगत नाही, कोणती चूक कुणाला किती महाग पडते यावर ते ठरतं. अठराव्या शतकातल्या ब्राह्मण बाईनं एकदा 'होय, गेले' म्हटलं की केस जातात, रंग जातो, ताट वेगळं होतं, आणि नवरा उद्या दारात उभा राहिला तरी यातलं काही परत घेता येत नाही. तिनं उंबरठा उंच ठेवला. काशीराजाच्या पंडितांना तसं काही द्यावं लागणार नव्हतं. त्यांना वेळेत अंत्यसंस्कार करायचे होते आणि चूक झालीच असती तर एका अनोळखी मराठ्याला अग्नी मिळाला असता, एवढंच.

पण 'नाही' म्हणण्याचीही किंमत असते, आणि ती राज्याला भरावी लागली.

भाऊंसारखा दिसणारा एक माणूस उत्तरेत उगवला. नाव कुठं सुखलाल, कुठं सुखनिधान; बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला. त्याला मारलं नाही, किल्ल्यांवर कैदेत ठेवलं. माधवरावांसारख्या कडक माणसानं त्याला जिवंत का ठेवलं असेल? माझा अंदाज असा, की घरात कुंकू लावणारी काकू असताना 'भाऊ' म्हणवणाऱ्याला सुळी देणं सोपं नव्हतं.

१७७६ मध्ये रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला सोडवलं आणि गादीवर बसवल्यासारखं पुढं केलं. माधवराव गेलेले, नारायणरावांचा खून झालेला, पेशवा म्हणजे पाळण्यातलं मूल. कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडं गेले, फौज वीस हजारांच्या घरात पोचली. त्याच्याबरोबर जाणाऱ्यांपैकी किती जणांनी खऱ्या भाऊंना पाहिलं होतं? फोटो नाही, चित्रं मोजक्यांच्या घरी, मधे पंधरा वर्षं. ज्यांनी पाहिलं होतं ते बहुतेक पानिपतावर मेले. उरलेल्यांत एक होते नाना फडणवीस. पानिपतावर ते एकोणिशीच्या उंबरठ्यावर होते, भाऊंच्या अगदी जवळ वावरलेले. त्या पळापळीत त्यांची आई कायमची दुरावली. आता कारभारी म्हणून त्यांनाच या 'भाऊं'विरुद्ध फौज पाठवायची होती. न परतलेल्यांची वाट बघणं म्हणजे काय, हे पुण्यात त्यांच्याइतकं कमी लोकांना ठाऊक असेल.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी बंड मोडलं. तोतया समुद्रमार्गे निसटला, पण रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहान्त दिला. न. चिं. केळकरांनी पुढं 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं, म्हणून हा शब्द आपल्याकडं टिकला. आणि हे सगळं होऊनही हरियाणात रोहतकजवळच्या सांघी गावात आजही सांगतात की भाऊ पानिपतातून वाचले, इथं येऊन साधू झाले, इथंच राहिले. पुराव्यानं राजकारण मिटलं, गोष्ट मिटली नाही.

अगदी असाच पेच विसाव्या शतकात अर्जेंटिनात पडला. लष्करी राजवटीनं १९७६ ते १९८३ या काळात हजारो लोक गायब केले. १९८४ मध्ये क्लाइड स्नो नावाचा अमेरिकन न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ तिथं गेला. त्यानं कॉलेजातल्या पोरापोरींना हाताशी धरून बेवारस कबरी शास्त्रशुद्ध उकरायला शिकवलं. माझ्या वयाचीही नव्हती ती पोरं. त्यातून जी संस्था उभी राहिली ती आज जगभर हेच काम करते. पण ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्या आयांपैकी काही जणींनी विरोध केला. दर आठवड्याला पांढरे रुमाल बांधून चौकात फेऱ्या मारणाऱ्या आया. त्यांचं म्हणणं होतं, जिवंत नेलंय, जिवंत परत करा. हाडांची पिशवी घेतली की सरकार म्हणणार, मिळालं ना, आता गप्प बसा. दुसऱ्या आयांनी हाडं मागितली, घेतली, पुरली, आणि त्याच हाडांतली गोळ्यांची भोकं पुढं न्यायालयात साक्ष झाली. कोणत्या आया बरोबर होत्या, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. दोघींकडं एकच अहवाल होता.

आपल्याकडं कायदा सात वर्षं देतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८: ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षं माणसाची काहीच खबर लागली नाही, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. हरवलेल्या माणसांचे आणि बेवारस मृतदेहांचे डीएनए एकमेकांशी ताडून बघण्यासाठी २०१९ मध्ये एक विधेयक लोकसभेत आलं होतं. खासगीपणाचे आक्षेप आले, ते खरेही होते, आणि २०२३ मध्ये सरकारनं विधेयक मागं घेतलं. त्यामुळं आजही एका तालुक्यात पुरलेला बेवारस माणूस शेजारच्या तालुक्यात 'बेपत्ता' म्हणून नोंदलेला असू शकतो, आणि दोन्ही नोंदी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. डेटाबेसची कामं करणाऱ्या माणसाला हे वाचून काय होतं, ते सांगत नाही.

मोठ्या आजीला सात वर्षांचं कलम कुणीतरी १९९३-९४ मध्ये समजावून सांगितलं होतं. कोर्टातून आदेश घ्यायचा, त्यावरून मृत्यूचा दाखला, त्यावरून फेरफार, मग जमीन तिच्या आणि मुलांच्या नावावर. सोसायटीचं कर्ज अडलं होतं, विहिरीचं अनुदान अडलं होतं, सगळं नवऱ्याच्या नावावर असल्यामुळं. ती अर्जावर सही करेना. माझा मामा, म्हणजे तिचा मुलगा, त्या पायी तिच्याशी वर्षभर बोलला नव्हता. विहीर झाली असती तर त्याचं शिक्षण सुटलं नसतं, असं तो अजून म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात मी त्याला हाडाच्या टोकाचं सगळं समजावून सांगितलं. गोल टोक, खरबरीत टोक. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग तवा कुनी बघितलं का नाही?"

त्या दिवशी रात्री मी फोनवर महाभूलेख उघडून त्यांच्या गटाचा सातबारा काढला. आमच्याकडं माणूस गेला आणि वारस लागले, की सातबाऱ्यावर त्याच्या नावाला कंस करतात. त्या पानावर वरच्या बाजूला दोन-तीन कंस होते, पणजोबांचे, त्यांच्या भावांचे. त्याखाली मोठ्या आजीच्या नवऱ्याचं पूर्ण नाव होतं. त्याला कंस नव्हता.